टोचलं का?

कुंभार पिंपळगावात आमच्या शेजारी कापसाचे व्यापारी असलेले एक काका राहतात. गिऱ्हाईक असो की पाव्हणा, समोरच्याला ते आधी छातीशी धरायचे अन् मग बोलायचे. पण विक्रीची रक्कम घेऊन येताना त्यांना दोघांनी वाटेत अडवलं, तेव्हा काकूंनी हट्टच धरला. काकांनी रिव्हॉल्वरचा परवाना काढला.

खरेदीला मला नेलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, म्हणून इंग्रजी माहितीपत्रकं मी वाचायची. काकांनी एकही ऐकलं नाही. दुकानदार देईल ते रिकामं रिव्हॉल्वर सदऱ्याखाली कमरेला खोचायचे अन् मला मिठी मारायचे.

"काय रे ग्रॅज्युएट, टोचलं का?"

"टोचलं, काका."

"मंग न्हाई चालत. माणूस बिचकंल ना!"

शेवटी सगळ्यात छोटं, आखूड नळीचं घेतलं. "तरी थोडं लागतंय," मी खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

तेव्हापासून काका लांबूनच हात जोडू लागले. गाव म्हणे, गर्व चढला. मला मात्र ते बघवत नव्हतं.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन आले अन् एकदम मला आवळलं. कमरेला काहीच लागलं नाही.

"काका, ते कुठंय?"

"घरी, कुलपात. काकू चिडली तुझी. म्हणलं, आजच्या दिवस न्हाई." मग छाती चोळत म्हणाले, "मी बिलकुल मोकळा आल्तो, अन् तुझ्या खिशातला पेनच टोचून राह्यला की रे!"

मी पेन काढून ठेवला. आम्ही पुन्हा कडकडून भेटलो.