आत्याचं समुद्रासमोरचं टेबल

भूमध्य समुद्राकाठचं जुनं बंदर म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता हा निळ्या पाण्यावर कविता करणार. अजिबात नाही. नाशिक रोडच्या आमच्या घरी भरीत झालं की मला ते बंदर आठवतं.

तिथला किल्ला बघून आमचा टूरचा ग्रुप तटाखाली जेवायला बसला होता. आत्याने हट्टाने समुद्रासमोरचं टेबल पकडलेलं. तिने भाजलेल्या वांग्याचा पहिला घास घेतला आणि मी मागून टूर मॅनेजरच्या आवाजात ओरडलो, “चला मंडळी, बस सुटतेय!”

अख्खा ग्रुप ताटं सोडून पळाला. परत येईपर्यंत वेटरने टेबलं आवरलेली.

आत्याने माझा कानच धरला. “मेल्या, जन्मात पहिल्यांदा आयतं जेवत होते, तेही समुद्र बघत. तेवढंही सुखाने खाऊ दिलं नाहीस!”