सईच्या मापाचं फुफ्फुस

देवीवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्या वर्षी तिच्यापुढे तोंड उघडायची मला भीती वाटायची. आमची सई तेव्हा आठ वर्षांची. तिची दोन्ही फुफ्फुसं निकामी होत चालली होती आणि दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तिचं नाव प्रत्यारोपणाच्या यादीत लागलं होतं. मिळणारं फुफ्फुस तिच्या छातीत मावायला हवं, असं डॉक्टर म्हणाले होते. मी शिवणकाम करणारी बाई, माप म्हटलं की मला लगेच कळतं. लहान छातीला लहान फुफ्फुस, म्हणजे कुणाचं तरी लेकरू जायला हवं. असला नवस कोणत्या तोंडाने बोलायचा?

एरवी मी मागायला लाजणारी नाही. दुष्काळाचे दिवस होते. आमच्या पुंडलिकनगरात नळ आठवड्याने यायचा, चहूकडे नव्या इमारतींची धूळ उडायची. टँकर लवकर यावा म्हणूनसुद्धा मी देवीच्या मागे लागायचे. पण सईसाठी म्हणून कन्नड गावाजवळच्या आमच्या कुलदेवीला गेले आणि ओटी न भरताच, नारळ-खण पिशवीत घालून परतीच्या एसटीत बसले.

शेजारच्या म्हातारीने पिशवीकडे पाहिलं. “ओटी भरायची ऱ्हायली का गं बाई?”

मला रडूच कोसळलं. सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, “आमच्या मालकांना अपघात झाला. डोकं मेलं, म्हणले डाक्टर. मग आम्ही डोळे, किडन्या, समदं दिलं. कुण्या बाईनं देवाला मागितलं म्हणून काय ते गेले नाय. तू लेकरासाठी माग. कुठून द्यायचं ते देवी बघंल. आन् डाक्टरला नीट इचार, नुसती भिऊन बसू नको.” पुढच्या फाट्यावर ती उतरून गेली. तिचं नावही विचारायचं राहिलं.

पुढच्या तपासणीला मी धीर करून विचारलं, “लहान मुलाचंच लागतं का?” डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही. बारीक चणीच्या मोठ्या माणसाचंही चालतं. मोठं असलं तर कापून लहान करतात, कधी त्याचा एक भागच बसवतात. मी त्यांच्यासमोर चक्क हसले. सईच्या बापाचे शर्ट कापून तिला फ्रॉक बेतणारी मी, आणि हे माझ्या डोक्यात येऊ नये! छातीवरचा धोंडा उतरला. त्याच आठवड्यात जाऊन ओटी भरली.

काही महिन्यांनी फोन आला. देणारं माणूस वयाने मोठं होतं, एवढंच कळलं. नाव सांगत नाहीत. आज सई शाळेत जाते. गोळ्या आहेत, तपासण्या आहेत, जिवाला घोर आहेच. पण देवीला आता मी फक्त काय हवं ते सांगते, कसं द्यायचं ते शिकवत नाही.

परवा जिना चढताना सई माझ्या पुढे निघून गेली. वरून वाकून म्हणाली, “आई, दम लागला का गं तुला?”

“लागला,” म्हटलं. तिथेच पायरीवर बसले आणि ज्या घराने दिलं, त्या घरासाठी हात जोडले.