पासंगाचे खडे

तागडीआक्काच्या तागडीचं डावं पारडं रिकामं असलं तरी खाली जायचं. आता तुम्ही म्हणाल, एका बाजूच्या दोऱ्या ओल धरत असतील. मीही तेच म्हटलं होतं. आक्काने दोऱ्या बदलल्या, पारड्यांचीही अदलाबदल केली. खाली जायचं ते डावंच.

अंजूरच्या रिक्षास्टँडवर, माझ्या ओट्यासमोर ती भाजी विकायची. गिऱ्हाइकाला फसवायचं नाही म्हणून उजव्या दोरीला चिंधीत खडे बांधायची. पासंग. दर सर्वपित्रीला त्यात एक खडा वाढायचा. त्या दिवशी सगळं गाव आपल्या गेलेल्यांसाठी पान वाढतं, आक्का वाढायची नाही. तिचा नवरा रेतीच्या होडीवर होता. रेती काढायला बादली घेऊन खाडीत उतरला तो वर आलाच नाही, सापडलाही नाही. कुंकू पूस म्हणून जावा सांगून थकल्या. ती म्हणायची, "वजन हाय तवर मानूस हाय."

गोदामावर आलेल्या एका ट्रकवाल्याने एकदा विचारलं, "अम्मा, पल्ला खाली है, फिर झुकेला क्यूँ है?"

"खाली किधर? मेरा आदमी बैठेला है."

तो हसला, पण भेंडी घेताना डाव्या पारड्याला हात लावला नाही त्याने.

मी चौथी शिकलेली, पण छापलेलं दिसलं की वाचते, नातीची पुस्तकंसुद्धा. दुपारी ओट्यावर आक्काला सांगायची. एकदा म्हटलं, "आक्का, सूर्य, चांदण्या, तू, मी, ही खाडी, हे सगळं मिळून विश्वात शंभरातलं पाच. बाकीचं दिसतच नाही."

"मंजे आपन पासंगालाबी न्हाय," आक्का म्हणाली. "पन दिसत न्हाय तं लोकांना कललं कसं?"

"ओढीवरून. कडेच्या चांदण्या इतक्या जोरात फिरतात की सुटूनच जायच्या. पण न दिसणारं काहीतरी त्यांना धरून असतं."

तिने डाव्या पारड्याकडे पाहिलं. "ते मना म्हाईत हाय."

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझी जीभ. सांगून बसले की आणखी एक आहे, ते सगळ्यांत जास्त. ते ढकलतं. पोकळी वाढत जाते आणि लांबचं आणखी लांब जातं.

वालाच्या शेंगा निवडणारा तिचा हात थांबला. "धरनारं मोठं का ढकलनारं?"

"ढकलणारं."

"मंजे तो लांब चाललाय."

तागडी गोणीत घालून ती उठली. तीन दिवस तिची जागा रिकामी. एरवी त्या जागी रिक्षा घुसवायला टपलेले रिक्षावालेही तिथे रिक्षा लावेनात. मी नातीचं पुस्तक पुन्हा उघडलं, पुढची पानं वाचली आणि चौथ्या दिवशी तिच्या घरी गेले. आक्का आरशापुढे बसली होती, हातात ओलं फडकं. अजून कुंकवाला लावलं नव्हतं.

"आक्का, मी अर्धवट वाचलं होतं. ते ढकलतं ते लांबच्यांना. जे एकमेकांना धरून आहेत त्यांना सोडवण्याइतका जोर नाही त्याच्यात."

"लिव्हलंय तसं?"

"लिहिलंय."

तिने फडकं पिळून दोरीवर टाकलं. "मंग आदी सांगाचं ना, बाय."

गेल्या चैत्रात आक्का गेली. कपाळावर कुंकू होतं. तिच्या लेकीने तागडी मला आणून दिली. खड्यांची चिंधी सोडून मी ती दाराबाहेरच्या आकड्याला टांगली. दोन्ही पारडी समान. वारा होता, ओट्यावरची माझी साडी हलत होती, पारडी मात्र जरासुद्धा हलत नव्हती. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

तशी ती महिनोन्‌महिने राहिली. आक्काची जागा अजून रिकामीच आहे, भाजी आता मी नाक्यावरून आणते. परवा सर्वपित्री झाली. त्या दिवशी सकाळी ओटा झाडायला दार उघडलं, तर डावं पारडं खाली. फार नाही, थोडंसं.

मी दोऱ्या चाचपल्या. कोरड्या होत्या. मग फडताळातून आक्काची चिंधी काढली, त्यातला एक खडा उजव्या दोरीला बांधला. काटा सरळ झाला.