एकाचे चार करणार नाही

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरबसल्या एक काम धरलं. मशीनने इंग्रजीवरून केलेलं हिंदी भाषांतर वाचायचं आणि पाचपैकी गुण द्यायचे. उभी हयात रत्नागिरीत मुलांना हिंदी शिकवली, पेपर तपासायची सवय हाताला होतीच. हा विद्यार्थी मात्र कितीही चुकला तरी खाली मान घालत नाही.

एकदा औषधांच्या सूचना आल्या. इंग्रजीत बजावलं होतं, की ही गोळी घेतल्यावर गाडी चालवायची नाही. त्यातल्या ‘मे नॉट’ला मशीन फसलं. त्याने लिहिलं, ‘यह दवा लेने के बाद हो सकता है कि आप गाड़ी न चलाएँ।’ व्याकरण चोख, वाक्य गुळगुळीत. मनाईची मात्र नुसती शक्यता होऊन बसली होती. मी एक गुण दिला.

दुसऱ्या दिवशी आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईंचा पुण्याहून फोन आला.

“मॅडम, हेच वाक्य तपासणाऱ्या बाकी दोघांनी चार दिलेत. तुमचाच आकडा वेगळा पडतोय. तेवढा बदलता का?”

“का बदलू?”

“त्या दोघांची मातृभाषा हिंदी आहे. तुमच्या कानाला कदाचित...”

माझं डोकं तापलं. कोकणातल्या बाईला हिंदी काय कळणार, हे नोकरीतही ऐकवलं गेलं होतं. तेव्हाही मी ते खपवून घेतलं नव्हतं.

“फोन ठेवू नका,” म्हटलं.

यजमान ओटीवर फणसाच्या आठळा सोलत बसले होते. सर्दीची गोळी घेऊन झाली होती, थोड्या वेळाने गाडी काढून नाटे गावातल्या आमच्या बागेत जायचं होतं. मी फोन त्यांच्याजवळ नेला आणि ते हिंदी वाक्य मोठ्याने वाचलं.

“अहो, गोळीच्या कागदावर असं लिहिलं असेल तर काय कराल?”

“कदाचित चालवता येणार नाही म्हणतायत. झोप नाही आली तर जायचं की!”

“ऐकलंत?” मी फोनवर म्हटलं. “हिंदी वाईट असती तर माणूस दोनदा विचार करता. चांगली आहे, म्हणून तर विश्वास ठेवतो.”

“पण मॅडम, आकडे जुळले नाहीत तर काम अडतं.”

“अडू दे. एकाचे चार मी करणार नाही.”

गाडीची चावी मी काढून घेतली. यजमान कुरकुरत एसटीने नाट्याला गेले.

पुढे त्या दोघांपैकी एकाने आपले गुण उतरवले, दुसरा चारवरच राहिला. मला औषधांवरून काढून हॉटेलांच्या जाहिरातींवर टाकलं. तिथे वाद कशाला होतील, असं त्यांना वाटलं असावं. मला मनातून लागलं, पण काम सोडलं नाही.

जाहिरातींत समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीचं मशीनने केलं होतं, ‘समुद्र का सामना करता कमरा’. खोली जशी काही लाटांशी लढायला उभी! तिलाही मी एकच गुण दिला आणि खाली भलामोठा शेरा लिहिला.