पूजेतला कॉम्प्युटर

"बटनाला हात नका लावू ताई, चालू द्या त्याला," असं आमचे कॉम्प्युटरवाले दादा म्हणायचे आणि स्वतःचा तळहात बटनावर झाकणासारखा धरून बसायचे, अपडेट पुरं होईपर्यंत. तुमच्याही कंपनीत असा एखादा असंल बघा, सगळे जेवणाचे डबे उघडतात तेव्हा हा कॉम्प्युटरपाशी.

आमची कंपनी अंबडला, गाड्यांचे पार्ट बनतात. मी कॉम्प्युटरवरून खोक्यावरचे स्टिकर छापून काढते. शाळा नववीतच सुटली, स्क्रीनवर अपडेटची इंग्रजी चौकट आली की मी ओरडायची, "दादा, परत आलं!"

ते हसत यायचे. "साप नाय तो. बाळाला लस देता ना? तसंच हे. बाळ रडतं म्हणून टाळता का?"

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या मशिनी पुजतात. ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार, आणि माझ्या कॉम्प्युटरसकट सगळ्यांच्या बटनांवर कुंकू. त्या मोठ्यावरच अख्खी कंपनी चालते. दादा सकाळपासून शेठच्या मागं मागं.

"शेठ, अर्धा तास द्या. बंद करून चालू करावा लागंल. हे अपडेट थांबण्यातलं नाय."

"अहो, पूजा झाली. पूजेतल्या यंत्राला हात लावायचा नसतो. दसरा होऊ द्या की."

"घराची कडी तुटली तर दसऱ्यापर्यंत दार उघडं ठेवाल का?"

सगळे हसले, शेठपण हसले, दादांच्या हातात पेढा ठेवला. दादांनी तो खाल्ला नाय, धरूनच उभे.

दसऱ्यानंतर कामावर आलो तर सगळे कॉम्प्युटर काळे, कुणीतरी बाहेरून इंटरनेटवरून आत घुसून सगळ्या फायलींना कुलूप लावलेलं. स्टिकर निघंना, माल हलंना, गेटवर ट्रक उभे, आणि कंत्राटातल्या बायकांना घरी जा म्हणाले, माझ्या शेजारच्या टेबलावरची पण गेली, आता माझा नंबर, आणि आमच्या घरात पगार माझाच.

शेठ सगळ्यांसमोर दादांवर ओरडले, "तुम्हाला ठेवलं कशाला होतं? झोपले होते का?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "शेठ, दादा तर त्या दिवशी..."

दादांनी माझ्याकडं तळहात केला. बटनावर धरायचे तस्साच. हळूच म्हणाले, "ताई, लेकरू लहान हाय तुमचं. गप ऱ्हावा."

मग गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि गेले. डबा तसाच राहिला. फोन लावते तर बंद लागतो. घर कुठं ते कुणालाच ठाऊक नाय, कुणी कधी विचारलंच नव्हतं.

महिन्याभरानं कंपनी कशीबशी चालू झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाय.

काल माझ्या स्क्रीनवर परत तीच चौकट आली. सुपरवायझर म्हणाला, "बंद कर गं ते, आधी माल काढ." त्याचा हात बटनाकडं आला. बटनावर तेव्हाचं कुंकू अजून हाय, काळं पडलेलं.

मी माझा तळहात त्या बटनावर ठेवला. तो ओरडत होता, पण मी हात काढला नाय.