पाला बघून चाल

ती फांदी मी उपटली होती. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, तर नाहीच.

खापरला माझं कापडाचं दुकान आहे. मी तिकडे जाऊन आलोय हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे उन्हाळा लागला की कोणी ना कोणी विचारतं, "शेठ, ते नर्मदावरलं बीच कसं शे? जावासारखं शे का?" फोनवर फिरणारे फोटो मीही पाहिलेत. निळं पाणी, पिवळसर किनारा, मागे सातपुडा. धरणाचं पाणी उतरलं की तसं दिसतं खरं. मग मी सांगत बसतो. अक्कलकुव्याहून डोंगरातला रस्ता, हाडं खिळखिळी होतात. पुढे नाव. हॉटेल नाही, टपरी नाही, संडास नाही, फोन लागत नाही. प्यायचं पाणी घरून न्या. सावली एकाच झाडाची, आणि ती शेळ्यांनी आधीच धरलेली असते. लोक हसतात. गाळाचं मात्र मी बोलत नाही. गाळाचा विषय निघाला की फांदीचा निघेल, अशी धास्ती. आणि ते लोक धडधाकट परत आल्याचं कळेपर्यंत मी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे चौकशी करत राहतो.

आई गेल्यावर आक्कानंच मला वाढवलं. तिला तापीकाठच्या गावात दिलेलं. केळीची बाग, घर, पुन्हा केळीची बाग. टीव्हीवर समुद्र दिसला की म्हणायची, एकदा पाय बुडवायचे. समुद्र जमला नाही म्हणून मी तिला त्या नर्मदेवर नेलं.

नावेत बसल्यावर तिनं पाण्याकडे बघून विचारलं, "हाऊ समुद्र शे का रे भाऊ?"

"समुद्रच समज."

"मग लाटा कोठे गयात? जेवाले?"

नाववालाही हसला. माझ्याच वयाचा, डोंगरातला माणूस. घरी त्याची बोली वेगळी, आमच्याशी मराठी, आणि त्या मराठीत लहानथोर सगळ्यांना 'तू'. पाणी रोज थोडं थोडं खाली जातं. उघडी पडलेली जमीन वरून वाळून पापडासारखी होते, खाली नुसता लगदा. हा रोज सकाळी बांबू खुपसून टणक जागा शोधायचा आणि तिथे तिथे पाल्याची ताजी फांदी रोवायचा. सगळं गाव त्या फांद्यांच्या खुणेनं ये-जा करायचं. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. उतरताना तो एवढंच म्हणाला, "शेठ, पाला बघून चाल. बाई, तू पण."

आक्कानं सरळ अर्थ घेतला, पाला दिसेल तिकडे चालायचं. मी उलटा घेतला. माझा जन्म हमरस्त्यावर गेलाय. खापर काय, विसरवाडी काय, ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागे फांदी टाकतो. रस्त्यावर फांदी दिसली की लांबून जायचं, हे आमच्या हाडात. जाताना तो पुढे आणि आम्ही त्याच्या मागे, त्यामुळे कोणाला काय समजलंय ते उघड पडलं नाही. आम्हाला वाळूवर सोडून तो इंजिन बघायला नावेकडे परतला.

आक्कानं पाय बुडवले, तोंडावर पाणी मारलं. "आते फोटो काढ, ऊन लागी ऱ्हायनं." फोटोत एक फांदी मध्ये येत होती. मी ती उपटली. फोटो झाल्यावर परत रोवली, चार पावलं बाजूला, हात लांबवून, जिथे जमीन सगळ्यात काळी आणि ओलसर दिसत होती तिथे. तिकडे कोणी जाऊ नये म्हणून. आपण काळजी घेतली, असंच वाटलं मला.

परतताना आक्का पुढे होती. मी फोनमध्ये फोटो बघत होतो.

"भाऊ!"

मान वर केली तर मी रोवलेल्या फांदीपाशी ती गुडघ्यापर्यंत आत. बघता बघता मांडीपर्यंत. "भाऊ, मन्हा पाय निंघी नही ऱ्हायना रे! माले धर!" मी धावलो. तिच्यापासून दोन हातांवर माझा पाय खचला, थंड काहीतरी घोट्याला आवळलं, आणि मी मागे सरलो. ती हात पुढे करून होती आणि मी मागे सरलो.

नाववाला फळी घेऊन धावत आला. "बाई, हलू नको! मागे बस, खाटेवर बसते तशी बस!" फळीवर पालथा पडून तो तिच्या गुडघ्याभोवतीचा गाळ हातांनी उपसत राहिला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आक्काचं ओरडणं थांबलं होतं, ती फक्त माझ्याकडे बघत होती, त्यानं मी जास्त घाबरलो. शेवटी एक पाय सुटला, मग दुसरा. चपला आतच राहिल्या.

मग त्यानं फांदीकडे पाहिलं. "हा पाला मी इथं लावला?" स्वतःलाच विचारल्यासारखं. "सकाळी मीच लावला. माझंच चुकलं, बाई."

आक्का त्याच्यावर कडाडली. "तुन्हा डोया फुटेल शेतस का रे?"

डोळे फुटलेत का, हेही ऐकून घेत तो फळीवरचा गाळ निपटू लागला. तेव्हा माझं एक वाक्य पुरलं असतं. मी तिचे पाय पुसत म्हणालो, "चल आक्का, घर चाल."

आक्का अजून प्रत्येक लग्नात हे सांगते. "त्या नाववालाले खूण लावता येत नही." बायका हळहळतात, मी मान डोलावतो.

मागच्या होळीच्या बाजारात त्या बाजूला काम करणाऱ्या एक नर्सबाई दुकानात आल्या. मी सहज विचारल्यासारखं करून त्याची चौकशी केली. म्हणाल्या, तो आता फांद्या रोवत नाही. आपल्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही म्हणतो. बांबू दुसऱ्याला दिलाय, आणि त्याला तेवढी समज नाही. गेल्या उन्हाळ्यात दोन शेळ्या गाळात गेल्या. मी ताग्याची घडी घालत राहिलो. पुढच्या वेळी शेळी नसेल, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

त्यानं फांदी बरोबर जागी लावली होती, हे त्याच्या किनाऱ्यावर, त्याच्या गावासमोर उभं राहून मला सांगायचं आहे. आणि शेजारी आक्काला उभं करून. एवढं मी त्या दोघांचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.