येसूबाईनं उसवलेली वाकळ

लग्न होऊन सोलापुरात आली त्या वर्षी येसूबाईच्या सासूनं तिच्यापुढं दोन विरलेली लुगडी, एक धोतर आणि एक मोठी सुई ठेवली आणि म्हणाली, "भाकरी काय, कुनालाबी येती. वाकळ शिवायला शीक."

गाव चादरींचं. गठ्ठेच्या गठ्ठे रोज स्टेशनाकडं जायचे. पण बुधवार पेठेतल्या त्या वस्तीत विकतची चादर एखाद्याच घरी, आणि तीही पाहुण्यासाठी पेटीत घडी घालून ठेवलेली. बाकीची माणसं वाकळीवर जन्मत आणि वाकळीवरच डोळे मिटत.

येसूबाई शिकली, आणि अशी शिकली की सासूचा हात मागं पडला. लुगड्याचे काठ सोडवून पट्ट्या करायच्या, विरलेलं कापड मधल्या थराला आणि धड राहिलेलं वर. पोरांच्या शर्टाच्या पाठी, पिठाच्या पिशव्या, मोडक्या छत्रीचं काळं कापड, काही म्हणून ती टाकत नसे. छत्रीच्या कापडाची दप्तरं व्हायची, उरल्यासुरल्याच्या चुंबळी आणि लहान बाळांच्या कुंच्या. दुपारी घरं रिकामी झाली की तिची जाऊ मीनाबाई समोर येऊन बसे. दोघी दोन कडांनी टाके घालत मधे यायच्या. नवरा धोंडिराम मिलच्या सूतखात्यात होता. टाकाऊ सुताचा गुंता मिळाला की घेऊन यायचा आणि जेवण झाल्यावर उकलत बसायचा. त्याच्या बापानं त्याच मिलमध्ये जन्म काढला, पण मागावर बापाला कुणी कधी उभं राहू दिलं नाही. मागावरच्या माणसाला धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि या माणसाच्या तोंडचा दोरा बाकीच्यांना चालणार कसा? धोंडिराम हे हसत हसत सांगायचा. येसूबाईला ते हसणं सहन होत नसे. "हसन्यासारकं काय हाय त्यात?" म्हणून ती त्याला गप्प करायची.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. थंडीच्या तोंडाला मंगळवार पेठेतल्या दाक्षायणीअक्कांनी येसूबाईला बोलावणं पाठवलं. अक्कांचे यजमान संगप्पा धान्याचे व्यापारी. मीनाबाईचा नवरा त्यांच्याच दुकानात हमाल, म्हणून ओळख. अक्कांच्या सासूबाई शांतम्मा त्या वर्षी वारल्या होत्या आणि लेक रुद्राणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अक्कांनी मागच्या पडवीत शांतम्मांची दोन इरकल लुगडी आणून ठेवली, एक हिरवं, एक वांगी रंगाचं.

"आमच्या अत्तींची आहेत. रुद्राणीच्या बाळाला कौदी करून दे," अक्का म्हणाल्या. त्यांच्या घरी सासूला अत्ती आणि वाकळीला कौदी म्हणत. "पणजीच्या लुगड्यात झोपू दे बाळ."

येसूबाईनं कापड बोटांत धरून पाहिलं. "वर-खाली ही दोन लागतील की. मधल्या थराला काय?"

घरात जुनं सुती कापड निघेना. बोहारणीला देऊन सगळ्याची भांडी झाली होती. जे होतं ते खळीचं, कडक.

"बाळाला टोचंल ते," येसूबाई म्हणाली. "माज्याकडं एक लुगडं हाय. धुऊन धुऊन लई मऊ झालंय. पन ते माज्या घरचं हाय. आधीच सांगते. चालंल का?"

अक्कांनी लुगड्याची घडी सारखी केली. मग म्हणाल्या, "चालतंय की. त्यात काय?"

हा प्रश्न येसूबाईनं मुद्दाम विचारला होता, आणि उत्तर तिनं नीट ऐकून घेतलं होतं. पुढं जे झालं त्यात तिला सगळ्यात जास्त हेच जाळत राहिलं.

ते लुगडं तिनं पुन्हा धुतलं, वाफाळत्या पाण्यातून काढलं, उन्हात दोन्ही बाजूंनी तापवलं. वाकळीला चारी कोपऱ्यांना शांतम्मांच्या पदराची फुलं बसवली. बारीक, एका ओळीचे टाके. मीनाबाई म्हणाली, "एवढं बारीक कशापायी घालतीस? लोकाचं तर हाय." येसूबाई म्हणाली, "बाळाचं हाय."

वाकळ पोचली. रुद्राणीनं ती गालाला लावून पाहिली. मजुरी मिळाली, वर ज्वारी मिळाली. येसूबाई खूष होऊन घरी आली. उरलेल्या हिरव्या तुकड्यांची तिनं आपल्या मनानं एक कुंची शिवली, काठाची झालर लावून. बारशाला द्यायची म्हणून.

बारशाच्या दिवशी सकाळी ती कुंची पदराखाली घेऊन निघाली. अक्कांच्या घराशेजारच्या बोळात दुकानाची बैलगाडी उभी होती. गाडीवान बिरप्पा बैल सोडत होता, आणि एका बैलाच्या पाठीवर हिरवी इरकल दिसत होती. तिच्या कोपऱ्यातलं फूल येसूबाईनं लांबूनच ओळखलं. एका कडेला शेण लागलं होतं.

ती जवळ गेली. "बिरप्पा, हे कुटनं आनलंस?"

"दिली की मला. म्हातारीनं." बिरप्पा साधा माणूस. तो खुशीनंच सांगायला लागला, "अक्कलकोटास्नं सुंदरम्मा आल्यात न्हवं का, मालकांची आत्या. त्यांनी काढून दिली. बैलाला लई ऊब हाय हिची."

"बाळाची हाय ती."

आता बिरप्पाला कळलं की आपण कुणाशी बोलतोय. तो बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "म्हातारीनं विचारलं, इदु यारदु, कुनाची म्हनून. कुनीतरी तुजं नाव सांगितलं. मग म्हनाली, तिच्या घरचं लुगडं आत हाय आनि लेकराला त्यावर निजवलंय? बाळाला आंगुळ घातली परत. मला काय म्हाईत न्हाय बाई. मला दिली, मी घेतली."

"अक्का काय म्हनाल्या?"

"त्या काय म्हनतील? गप बसल्या."

येसूबाईनं बैलाच्या पाठीवरून वाकळ ओढली. बिरप्पानं अडवलं नाही. वाकळ घेऊन ती बोळातून मागच्या दाराकडं गेली नाही, जिथनं ती नेहमी जात असे. ती वळून पुढच्या बाजूला आली. दारात बारशाची रांगोळी होती, आत बायकांची गडबड होती. ती पुढच्या कट्ट्यावर चढली, मधोमध बसली, वाकळ मांडीवर पसरली आणि कमरेच्या पिशवीतून ब्लेडचं अर्धं पातं काढून पहिला टाका उसवला.

शिवायला कितीतरी दुपारी गेल्या होत्या. उसवायलाही वेळ लागतो. ओढून फाडली असती तर लवकर झालं असतं, पण तिला कापड फाडायचं नव्हतं. ती एकेक टाका कापत होती, दोरा ओढून बाजूला टाकत होती. बारशाला येणाऱ्या बायका तिला वळसा घालून आत जात होत्या. आत गेलेल्या परत दारात येऊन बघत होत्या.

दाक्षायणीअक्का बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उतरला. "येसू, हे काय चालवलंस? आत ये. आत बोलू."

"कुटल्या दारानं येऊ अक्का?"

अक्कांनी मागं वळून आतल्या बायकांकडं पाहिलं.

"मी इचारलं व्हतं का न्हाय तुमाला? माज्या घरचं लुगडं हाय, चालंल का म्हनून इचारलं व्हतं. तुमी काय म्हनाला?"

"आत्यांचं वय झालंय. त्यांना आता कोण समजावणार?" अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

"त्यांचं वय झालंय. तुमचं काय झालं व्हतं?"

इतक्यात संगप्पा आले. त्यांनी गर्दी पाहिली, कट्ट्यावर पडलेले दोरे पाहिले आणि त्यांचा पारा चढला. "मजुरी दिली की तुला. वस्तू आमची आहे. आम्ही बैलावर घालू नाहीतर चुलीत घालू."

येसूबाईनं मान वर केली. हातातलं पातं मात्र थांबलं नाही. "मजुरी टाक्याची दिलीसा. ते टाके मी काडून घेतेय असं समजा. पैसे मीनाबाईच्या हातनं परत येतील. शांतम्मांची दोन लुगडी तुमची हायत, ती हितं घडी करून ठेवीन. मदलं माजं हाय. ते मी दिलं न्हवतं तुमच्या बैलाला."

"उठवा हिला," संगप्पा कुणाला तरी म्हणाले. पण बारशाच्या घरात, पाहुण्यांदेखत, तिला हात लावून उठवायचं म्हणजे पुन्हा आंघोळ. कुणी पुढं आलं नाही. हे येसूबाईच्या लक्षात आलं, आणि तिला भयंकर संताप आला. ज्या कारणानं वाकळ बैलावर गेली, त्याच कारणानं आपण इथं बसू शकतोय. तिनं पातं दाताखाली धरलं, हात लुगड्याला पुसले आणि पुन्हा सुरुवात केली.

आत पाळणा म्हटला गेला, बाळाचं नाव ठेवलं गेलं, घुगऱ्या वाटल्या. ऊन कट्ट्यावरून उतरून रस्त्यावर गेलं. शेवटी कोपऱ्यांची फुलं निघाली. तिनं हिरवं लुगडं वेगळं केलं, शेणाची कड आत घेऊन घडी घातली. त्यावर वांगी लुगड्याची घडी ठेवली. मधलं आपलं लुगडं झटकलं. ओळीनं भोकं पडली होती, त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

रुद्राणी बाळाला घेऊन उंबऱ्याशी उभी होती. तिचे डोळे भरले होते. "मावशी, मला पायजे होती ती. मला लई आवडली होती."

"मग काडून घेताना तोंड का उगडलं न्हाईस?"

पोरगी बाळंतीण होती, अशक्त होती. तिला असं बोलायला नको होतं, असं पुढं मीनाबाई कितीदा म्हणाली. येसूबाईला तसं कधी वाटलं नाही. कुंची तिनं दिली नाही. पदराखाली होती तशीच घरी आणली.

घरी वेगळंच वाढून ठेवलेलं. बातमी तिच्या आधी पोचली होती. धोंडिराम दारातच म्हणाला, "भावाची हमाली गेली म्हनून समज. कशापायी गेलीस तिकडं? काय मिळालं तुला?"

"माजं लुगडं मिळालं."

"फाटकं लुगडं."

"तुमचा बाप हसला आसंल मागावर घेत न्हवते तवा, तुमी हसता. मला न्हाय हसायला येत," येसूबाई म्हणाली. धोंडिराम त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतं बोलत होता. सुताचा गुंताही त्यानं आणला नाही.

हमाली मात्र गेली नाही. पोती उचलणारा चांगला माणूस संगप्पांना सोडवेना. पण त्या आळीतलं शिवणकाम येसूबाईला कायमचं बंद झालं. तिनं मजुरी परत पाठवली होती, ज्वारी आधीच खाऊन झाली होती, तेवढी तिला सलत राहिली. पुढं साखर पेठेकडच्या विणकर बायकांनी तिला काम दिलं. त्या तेलुगू बोलायच्या, ही मराठी, आणि वाकळीचे थर बोटांनी मोजून दाखवत व्यवहार चालायचा. काम घेताना ती पहिलंच सांगायची की घरचं कापड मी घालणार नाही, तुमचं तुम्ही आणा.

दुसऱ्या वर्षी दाक्षायणीअक्का तिच्या घरी आल्या. रिक्षा वस्तीच्या तोंडाशी उभी करून चालत आल्या, हातात पिशवी. सुंदरम्मा वारल्या होत्या. अक्का खाली बसल्या. येसूबाईनं चहा केला आणि कपबशी त्यांच्यापुढं ठेवून बघत राहिली. अक्कांनी कप उचलला आणि सगळा चहा प्यायला. मग पिशवीतून दोन्ही इरकल लुगडी काढली.

"तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. पुन्हा शिवून दे. मधे तुला वाटेल ते घाल."

येसूबाईनं लुगड्यांना हात लावला नाही. "चा प्यालासा, बरं वाटलं. पन वाकळ न्हाय शिवनार मी."

"राग गेला नाही तर अजून."

"न्हाय गेला. आनि का जावा? म्हातारी मेली म्हनून तुमी आलासा. ती जित्ती आसती तर?"

अक्कांनी लुगड्यांच्या घड्या परत पिशवीत घातल्या. त्या उठल्या. येसूबाई त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेली, कारण वस्तीतली कुत्री नव्या माणसावर धावायची.

ती गोष्ट वस्तीत राहिली आणि सांगता सांगता मोठी झाली. काही वर्षांनी विहारात बायका जमल्या असताना मीनाबाईनं ती एका नव्या सुनेला सांगितली. त्यात आतलं लुगडं म्हणजे येसूबाईनं धम्मदीक्षेला नेसलेलं पांढरं लुगडं होतं, जिवापाड जपलेलं. ऐकणारीचे डोळे पाणावले. कोपऱ्यात बसलेली येसूबाई एकदम उसळली.

"कशाला खोटं सांगतीस गं मीने? नळाला जाताना नेसायची ते लुगडं व्हतं. निळं. मागं तेलाचा डाग व्हता."

"अगं, जरा बरं वाटतं ऐकायला," मीनाबाई म्हणाली.

"म्हंजे साधं आसतं तर बैलावर टाकलेलं चाललं आसतं का?"

नवी सून एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिली. येसूबाईनं चष्मा नीट केला आणि तिला जवळ बोलावलं. "हितं बस. मी सांगते कसं झालं ते," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.